सोयरीकबाईंचा उपाशी गोतावळा

दवाखान्यात त्यांना डॉक्टरीणबाई म्हणणारे थोडे, सोयरीकबाई म्हणणारे फार. अर्थात पाठीमागे! तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई लहान मुलांच्या डॉक्टर, पण पोराला खोकला झालाय म्हणून कुणी आलं की खोकला राहायचा बाजूला आणि बाईंची चौकशी सुरू व्हायची. मामा किती, मावश्या किती, आजोबा कशानं गेले, आत्या कुठं दिलीय, तिची मुलं अंगानं कशी आहेत? एक बाप तर हात जोडून म्हणाला होता, "बाई, मुलगी तीन वर्षांची आहे हो. एवढ्यात नको." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बरं, तुमचे चुलते किती?"

आता त्यांचंही काय चुकलं म्हणा. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वॉर्ड आणि एक व्हरांडा. प्रयोगशाळेत साखर कळायची, लघवी तपासता यायची, आणि कोपऱ्यात एक मोठं यंत्र कापड पांघरून झोपलेलं असायचं. आडवळणाच्या आजारांच्या तपासण्या व्हायच्या लांबच्या मोठ्या शहरात. इथून रक्त पाठवलं तर उत्तर येईपर्यंत पोरगं पुढच्या वर्गात गेलेलं असायचं. तेव्हा बाईंकडे हत्यार एकच, जीभ. आणि ती काही गंजलेली नव्हती.

तर एकदा एका आईनं आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला आणलं. वर्षापूर्वी ताप आला म्हणून कुठल्याशा दवाखान्यात रक्त काढलं, तर साखर जरा वर निघाली. लहान मूल आणि साखर म्हटल्यावर कुणीही जे सांगेल तेच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं: इन्सुलिनची सुई, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी दंडात, जन्मभर. आई बिचारी शिकली आणि देऊ लागली. पण पोरीला मधूनच दरदरून घाम फुटायचा, हातपाय लटपटायचे आणि ती मटकन खाली बसायची. शाळेत असं दोनदा झालं, तेव्हा शाळेनं सांगितलं, तूर्त घरीच ठेवा.

बाईंनी सगळं ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. सुईतलं औषध चिमुकलं, वर्ष उलटलेलं, आणि तरी साखर जिथं होती तिथंच. नेहमीचा आजार असता तर एव्हाना एवढ्याशा औषधानं भागलं नसतं. पण एक वेगळा प्रकार असतो. त्यात साखरेची पातळीच जन्मापासून एक पायरी वर असते. आई किंवा बापाकडून येतो, त्रास काही देत नाही आणि औषध काही मागत नाही. तो असेल तर सुई फुकट, घाम फुटतो तोही त्या सुईपायीच. पण तो नसेल आणि बाईंनी सुई बंद केली, तर चार दिवसांत पोर हातची जाईल. मधला रस्ता नव्हता.

"घरात कुणाला साखर आहे?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," मुलीची आजी, म्हणजे बापाची आई, ठणकावून म्हणाली. "हे सगळं हिच्या माहेरचं." सून शेजारीच उभी होती, पण आजीला त्याचं काय?

"असं का? मग उद्या सकाळी तुमचं घराणं माझ्याकडे पाठवा. सगळे उपाशीपोटी."

दुसऱ्या दिवशी गाडी भरून घराणं आलं. आजी, बाप, काका, आत्या आणि गाडी चालवायला आत्याचे यजमान; मुलगी आणि तिची आई तर होत्याच. एकेकाचं बोट टोचलं गेलं. शेवटी यजमान रुसून बसले. "सगळ्यांचं बघताय. आम्ही काय परके?" जावईबापूंना दुखावणार कोण? त्यांचंही बोट टोचलं. आणि काय सांगायचं, सगळ्यांचीच साखर थोडी थोडी वर! बाईंना आनंद मावेना. त्यांनी मुलीला तिथल्या तिथे वॉर्डात ठेवून घेतलं आणि सकाळची सुई रद्द केली.

दुपारी डबा उघडून त्या एकेक नातं चवीनं घोळवत बसल्या. आजीकडून मुलांना, म्हणजे बापाला, काकाला, आत्याला. आणि मग जावईबापूंना... घास हातातच राहिला. जावई? अहो, जावयाच्या रक्तात सासूचं काय येणार, कपाळ?

बाई तशाच उष्ट्या हातानं व्हरांड्यात आल्या. "आजी, सकाळी काय खाल्लंत?"

"शपथ घेते. कण नाही पोटात."

"चहा?"

"चहा घेतला की. चहा म्हणजे काय खाणं आहे होय?"

"निघताना एक," जावईबापूंनी प्रामाणिकपणे भर घातली, "आणि वाटेत गाडी थांबवली तिथं एक. चांगला गोड होता हो."

बाईंना घाम फुटला. चहाच्या जोरावर त्यांनी एका लेकराचं औषध थांबवलं होतं! एरवी लोकांचे चुलते मोजणाऱ्या बाईंनी चहा मोजला नव्हता. त्या वॉर्डात धावल्या. मुलगी खाटेवर पाय हलवत बसली होती. साखर सकाळसारखीच, लघवी स्वच्छ. शरीराचं बिनसू लागलं तर लघवी आधी चुगली करते, ती अजून गप्प होती.

"ताई, माझा सकाळचा अंदाज कच्चा निघाला," त्यांनी आईला सरळ सांगितलं. "घरच्यांनी चहा घेतला होता."

आईचा चेहरा उतरला. "मग सुई देऊ?"

बाईंना पटकन हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं की त्या सुटल्या असत्या. पण वर्षभर न हललेली साखर आणि चिमूटभर औषध, ही दोन कारणं चहानं खोटी पडत नव्हती. "आज थांबू. सुई उशाशी ठेवा. मी घरी जात नाही, दर थोड्या वेळानं तपासते. जराही वर गेली तर लगेच देऊ." मग त्यांनी घरी फोन केला. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "कुणाचं जमवताय?"

घराण्याचा मुक्काम व्हरांड्यात पडला. चहावर बंदी आली आणि शिपायाला पहाऱ्याला बसवलं. सकाळपर्यंत जावईबापूंचं डोकं असं चढलं की ते डोळे मिटून भिंतीला टेकून बसले. पुन्हा बोटं टोचली. या खेपेला आईचंही टोचलं. काका स्वच्छ. आत्या स्वच्छ. आई स्वच्छ. जावईबापू इतके स्वच्छ की त्यांना जरा वाईटच वाटलं. आजीची मात्र थोडी वर, आणि बापाचीही तेवढीच. मुलीची सुईविना होती तिथंच राहिली. बाईंनी तरी आणखी दोन दिवस तिला हलू दिलं नाही. साखर ढिम्म, लघवी स्वच्छ, आणि घाम तर फुटलाच नाही.

हे ऐकून गप्प बसणं काही आजीला जमण्यासारखं नव्हतं. "म्हणजे पोर माझ्यावर गेलीय!" ती एकदम म्हणाली, आणि जणू गोरेपणाच वारशात दिल्यासारखं व्हरांडाभर सांगत सुटली. "बघा माझ्याकडे. सत्तरी आली, काय झालंय मला?" सुनेच्या माहेराचं नाव पुन्हा निघालं नाही. चहा आला तेव्हा आजीनं पहिला कप सुनेपुढे धरला. सॉरी म्हणायची तिच्याकडे हीच रीत असावी.

सुनेनं कप घेतला, पण ओठाला लावला नाही. "बाई, म्हणजे वर्षभर मी हिला उगाच टोचलं?"

बाईंना चार समजुतीच्या गोष्टी सांगता आल्या असत्या. पण या आईशी खोटं बोलवेना. "हो ताई. उगाच," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तिला जगवायला टोचत होतात."

आईनं मान हलवली. रडली नाही.

संध्याकाळी घरी निघण्याआधी वॉर्डात मुलीचं ताट आलं. वॉर्डात आल्यापासून परिचारिकाच तिला जेवायला देत होती. आज आईनं ताट हातात घेतलं, आणि ती समोर आलेली दिसताच पोरीनं फ्रॉकची बाही दंडापर्यंत वर केली, मान भिंतीकडे फिरवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई ताट धरून तशीच उभी राहिली. बाई दारात होत्या, त्यांनाही पुढं व्हायचं धैर्य झालं नाही.

मग आईनं ताट खाटेवर ठेवलं, ती बाही हलक्या हातानं खाली ओढली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"डोळे उघड बाळा," ती म्हणाली. "मी नुसती जेवायला घालायला आलेय."