दम लागला की फोन येतो

माझी नोकरी सगळी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये गेली. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे आणि मधे उडणारा बारीक कापूस माझ्या छातीत, अशी तिथली वाटणी होती. रिटायर होईपर्यंत जिना चढताना धाप लागू लागली.

पोरगी पुण्यात नव्या तऱ्हेचे कपडे करणाऱ्या कंपनीत आहे. तिनं एक बंडी पाठवली. दिसायला साधी सुती, पण विणीत केसाएवढे पारदर्शक धागे. त्यांतून उजेड धावतो. छाती फुगली की धागा ताणला जातो, उजेड बदलतो आणि माझा श्वास पुण्यात तिच्या मोबाइलवर उमटतो. बायको म्हणाली, "आतून कापूस भरलाच होता, आता बाहेरूनही गुंडाळा. उशीच झाली तुमची."

पहिल्याच आठवड्यात गच्चीवरच्या मिरच्यांवर वानरं आली. मी काठी घेऊन वर धावलो. वानरं पळाली, मी पायरीवर बसलो आणि फोन वाजला. घाबरली की पोरीची पुणेरी भाषा गळून पडते. "बाबा, काय होऊन राह्यलं? बसा बरं खाली!" एरवी रविवारी दोन मिनिटं बोलणारी ती त्या दिवशी अर्धा तास बोलली. माझ्याशी, आईशी, पुन्हा माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बायको म्हणाली, "जा बरं गच्चीवर. दिवाळीले येऊन राह्यली का नाई, मले तिले विचाराचं हाय."

"मग तूच लाव ना फोन."

"आपण लावला की ते मीटिंगमंदी असते."

मुद्दा बिनतोड होता. मी चढलो. तेव्हापासून संध्याकाळची माझी ड्यूटीच लागली. कधी लोणच्याची चौकशी, कधी जावयाच्या खोकल्याची. मी आपला चढायचो, धापा टाकायचो आणि फोन यायचा. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलं होतं. पण डॉक्टरांची पोरगी त्यांच्या घरातच राहते.

मग एका रविवारी तिचा आपणहून फोन आला, स्वच्छ पुणेरीत. "बाबा, आनंदाची बातमी. तुम्ही रोज संध्याकाळी जिना चढता, ही तुमची सवय आहे, हे सिस्टिमनं ओळखलंय. आता उगाच अलार्म येणार नाहीत. तुम्हालाही त्रास नाही."

मी "वा!" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोरीचं काम चोख होतं, त्याचा अभिमान वाटला. आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी मी बायकोच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. मीच उठलो, नेहमीपेक्षा जोरात चढलो. वर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द निघेना. ती फोन घेऊन मागोमाग आली आणि माझी पाठ चोळत बसली. फोन तिच्या मांडीवर गप्प होता.

धाप ओसरल्यावर मी म्हटलं, "आपणच लावू का?"

"लावा," ती म्हणाली. "पण सांगाचं काय? तुमची तब्येत चांगली हाय, हे तर तिले दिसूनच राह्यलं."