बकरीने न खाल्लेला कोबी

आमच्या गावात अजूनही कोणाच्या मळ्यात गुरं शिरली की हसत विचारतात, "काय रे, बौद्धवाडीची काळी बकरी आली व्हती काय?" बोलणाऱ्या पोरांना ती बकरी कोणाची, तिनं काय खाल्लं, काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तिनं काहीच खाल्लं नव्हतं. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

शहापूर तालुक्याच्या टोकाला, मुरबाडच्या हद्दीलगत आमचं गाव. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी भातसानगरला धरणावर रोजंदारी करायचो. तिथल्या वसाहतीत एका साहेबांच्या बाई होत्या, उत्तरेकडच्या, थंड मुलखातल्या. त्यांच्या दारापुढं एक भाजी होती. दिसायला कोबीसारखी, पण गड्डा धरत नसे. नुसती पानंच, रुंद, निळसर हिरवी, जांभळ्या शिरांची. खालची पानं खुडत राहायची, वरून नवी येत राहायची. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईंनी सामान बांधता बांधता तिच्या फुटव्यांची दोन कांडं मोडून माझ्या हातात दिली. "हिला इथं फूल येत नाही, बी मिळणार नाही. फुटवेच जगवावे लागतील," म्हणाल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून मीच ती घरी आणली. हे आधी सांगतो, कारण पुढं जे केलं तेही मीच.

बायकोनं ती परसात लावली. जवळा घालून पहिल्यांदा भाजी केली, तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली आणि म्हणाली, "ह्यो उघडा कोबी बरा. झाकून काय ठेवत नाय." तेच नाव पडलं.

अडचण पावसाळ्याची. आमची पडवी पश्चिमेला, पाऊस आत मारायचा. पहिल्या वर्षी मुळं कुजून एकच कांड कसंबसं वाचलं. आमच्या परसाला लागून बौद्धवाडी. तिथल्या पहिल्या घराची पडवी पूर्वेला, कोरडी. त्या घरातली बाई आणि माझी बायको एकत्र लावणीला जायच्या, त्यांचं चांगलं जमायचं. दोघींनी आपसांत ठरवून टाकलं. मृगाआधी फुटवे काढून तुपाच्या डब्यांत लावायचे, डबे चार महिने तिच्या पडवीत ठेवायचे. नवरात्र सरलं की डबे आमच्या परसात यायचे, कारण विहीर आमची. पानं निम्मी तिची, निम्मी आमची. डबे डोक्यावर घेऊन ती यायची आणि कुंपणापासूनच हाक मारायची, "गो, तुझी माहेरवाशीण आली, दार उघड!" बायको आतून म्हणायची, "माहेर तुझं, सासर माझं. बघू किती सुकवलीस ती!"

आमच्या आळीतल्या काहींना हे येणं-जाणं पसंत नव्हतं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण पाणवठ्यावर बोलणं व्हायचं. मी ते ऐकून गप्प बसायचो.

पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्या डोक्यात गड्ड्याचा कोबी भरला. शहापूरला बियाण्यांच्या दुकानात भिंतीवर पाकिटं टांगलेली असत. गोल, घट्ट, एकसारख्या गड्ड्यांची चित्रं. मी तासभर उभा राहून निवड करायचो. साठ दिवसांत येणारा घ्यावा की नव्वद, चपटा की गोल. दुकानदारानं विचारलं, "परसात आधीपासून कोबीच्या जातीचं काही आहे का?" मी उघड्या कोबीचं सांगितलं. तो म्हणाला, "मग आधी तो काढा. जुन्या खोडावर मावा राहतो, अळी राहते. तिथून नव्या रोपांवर चढणार."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा गड्डा एकदा कापला का संपला. ह्यो रोज देतो. तुमाला त्या चित्रातला पाहिजे तर लावा तिकडं बांधाला. ह्याला हात लावायचा नाय."

"मावा चढेल."

"राख टाकीन मी. एवढी वर्सं टाकलीच ना?"

त्या वर्षी पाऊस लांबला होता. शेजारणीच्या पडवीतलेही डबे कुजले आणि नवरात्रानंतर एकच रोप परत आलं. "एकटीच हाय या साली, जप गो तिला," असं ती सांगून गेली. मी तिथंच होतो. ऐकलं.

दिवाळी होऊन गेली. माझी गादीवाफ्यातली रोपं वितीएवढी झाली. बायको भात झोडायला गेली होती. सकाळचे दहा वाजले असतील. मी त्या रोपापाशी बसलो, पान उलटं केलं. खाली मावा होता, थोडासाच. राख टाकून जाण्यासारखा. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी दोन्ही हातांनी खोड धरलं आणि उपटलं. मुळं तुटताना कोबीचा तो कच्चा, तिखट वास आला. पानं ओरबाडून तिथंच विखुरली, काही चुरगळली. खोड उकिरड्यात खोल खुपसलं.

बायको दुपारी आली. तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो, "तिची काळी बकरी शिरली होती."

दुसऱ्या कोणाचं नाव मी घेतलं नाही. आमच्याच भाऊबंदांच्या चार बकऱ्या मोकाट फिरत होत्या. पण त्यांचं नाव घेतलं असतं तर चौकशी झाली असती. बौद्धवाडीतल्या बाईची बकरी म्हटल्यावर आळीत कोणी काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. मी ते वापरलं.

बायको तशीच निघाली. कुंपणाच्या पलीकडून तिचा आवाज आला. "एक व्हतं, एकच! तूच सांगून गेलीस ना जप म्हणून? दावं तुटलं काय तुझ्या बकरीचं?" माणसं जमली. शेजारीण काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तिचा आवाज खाली होता. मग एकदम सगळं शांत झालं. बायको परत आली, हातपाय धुतले, चूल पेटवली. मला एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, राग शेजारणीवर आहे.

महिन्याभरानं मी शेणखत काढायला उकिरड्यावर गेलो. कडेला, शेणाच्या उबेतून, त्या खोडाला तीन फुटवे आले होते. जांभळ्या शिरांचे, बोटाएवढे. ते उचलून परसात लावता आलं असतं. पण बकरीनं खाल्लेलं झाड उकिरड्यात पुरलेलं कसं सापडलं, हे बायकोनं विचारलं असतं. मी घरातून कोयता आणला. खोडाचे तुकडे केले, फुटवे चिरडले, वर माती ओढली. पहिली गोष्ट हट्टाच्या भरात झाली, असं मी म्हणू शकतो. दुसरीला तसं काही म्हणता येत नाही.

माझ्या कोबीला गड्डे आले. बरेचसे तडकले, अळीही पडली. जुनं खोड नसतानाही पडली. बायकोनं तो कोबी शिजवला, माझ्याकडं न बघता वाढला, स्वतः मात्र कधी खाल्ला नाही. शेजारणीशी ती पुन्हा बोलली नाही. लावणीला दोघी वेगवेगळ्या बांधांवर उभ्या राहायच्या.

बायको गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून भर दुपारी मला तो कच्चा वास येतो. परसात आता काही नाही, तुळस आणि कढीपत्ता. तरी येतो. दिवाळीनंतर मी उकिरड्याकडे जात नाही. एकदा गेलो होतो, तेव्हा शेणात काही जांभळं दिसलं, ते काठीनं उकरून बघितलं. प्लास्टिकची पिशवी होती.

शेवटी दोन हजार आठच्या सुमारास मी खर्डीला गेलो. शेजारीण तिथं लेकीकडं राहत होती. ओट्यावर बसून वाल सोलत होती. मला ओळखलं. "या भावजी," म्हणाली, जसं काही काल भेटलो होतो.

मी सगळं सांगितलं. उकिरड्याचंही. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "काळीला आमी आदल्या दिवशीच धसईच्या बाजारात विकली व्हती. गावात नवतीच ती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले ना! तिला बोलले. कानाशी जाऊन बोलले, चारचौघांत तिची लाज नको म्हणून. ती माझ्याकडं बघतच रायली. मग म्हणाली, आता मी मागं फिरून काय सांगू गो, माझाच माणूस हाय. आन गेली. तिनं नंतर मला तोंड दाखवलं नाय. राग नवता तो."

मी रडायला लागलो असेन. तिनं वालाचं सूप बाजूला ठेवलं.

"माझ्यापुढं रडून काय उपयोग, भावजी? मला ठाऊक व्हतं, तिला ठाऊक व्हतं. माझ्या गावाकडच्या नातवाला शाळेत अजून चिडवतात बकरीवरनं. ज्यास्नी ठाऊक नाय, त्यास्नी सांगा."

त्या दिवशीही मी गावात येऊन गप्प बसलो. आता ती बाईही नाही. बायको इतकी वर्षं माझ्यासमोर बसून जेवली, तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं आपली मैत्रीण माझ्या खोटेपणाखाली गाडून टाकली. तो कोबी वाढताना ती माझ्याकडं का बघत नसे, ते मला खर्डीहून परतताना कळलं.

म्हणून हे लिहून वाचनालयात ठेवतो आहे, म्हणजे गावातल्या कोणालाही वाचता येईल. काळी, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेली ती बकरी त्या सकाळी आमच्या परसात आली नव्हती. ती आदल्या दिवशीच धसईला विकली गेली होती. कोबी मी उपटला.