दसऱ्याच्या पूजेतला कॉम्प्युटर

मला येतं म्हटलं की येतं, हा माझा स्वभाव लहानपणापासूनचा. सायकलचं पंक्चर असो, मिक्सरची वायर असो, घरात काही बिघडलं की मी पेचकस घेऊन पुढे. म्हणून गोंदियाला हार्डवेअरचा कोर्स संपवल्यावर मी बाबांना सरळ सांगून टाकलं, की तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, सुटे भाग आणून मीच जोडणार आणि गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात आपल्याच घराच्या समोरच्या खोलीत टायपिंगचं दुकान टाकणार. वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि परीक्षेत पहिली आले होते. यात फुशारकी नाही. खरंच आले होते.

समोरच्या खोलीचं दार रस्त्याकडे उघडायचं. तिच्यात खताच्या बॅगा आणि फवारणीचा पंप पडून असायचा. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा, शेजारीच राहायचे. त्यांच्या मते मुलीनं डी.एड. करून मास्तरीण व्हावं, दुकान टाकून रस्त्यावर बसू नये. बाबा दोघांच्या मधे अडकले. शेवटी त्यांनी तोड काढली.

“दसऱ्याले आपण सगळ्या अवजारांची पूजा करतो. त्या दिवशी तुह्यी मशीन सगळ्यांसमोर चालली, त खोली तुह्यी. नाही चालली, त डी.एड.चा फॉर्म भर आन् मंग तोंड वाकडं करायचं नाही.”

मी लगेच हो म्हटलं. मला त्यात धोका दिसलाच नाही.

सामान गोंदियाहून आणलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “बेटी, फिटिंग हम कर देते हैं, आधे घंटे का काम है।” मी म्हटलं, “नहीं, मैं खुद करूंगी।” तो हसला आणि खोके सुतळीनं बांधून दिले. एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन बसले. तो इतका जड होता की गोरेगाव येईपर्यंत पायांना मुंग्या आल्या. कंडक्टरनं विचारलं, टीव्ही आणला का? मी म्हटलं, कॉम्प्युटर, आणि तो मीच बनवणार आहे. त्यानं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जोडायला बसले. प्रोसेसर बसला, त्याचा पंखा बसला, रॅम कटकन बसली. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर ठेवून स्क्रू आवळले. फक्त एक अडचण आली. मागे कीबोर्ड-माऊसच्या जागा जुळेनात, बोर्ड जरा खाली राहत होता. मी कानस आणली आणि पत्रा घासून भोकं मोठी केली. शेवटी पितळेचे बोटाच्या पेराएवढे काही तुकडे हातात उरले. कंपनीवाले जास्तीचे देत असतील, असं म्हणून ते एका काडेपेटीत टाकले. चालू करून पाहिलं नाही. खरं कारण सांगते, मला तो पहिला क्षण सगळ्यांसमोर हवा होता.

दसऱ्याला अंगणात विळे, कोयते, पाण्याची मोटर, बाबांची मोटारसायकल, आईची शिलाई मशीन अशी रांग लागली. त्या रांगेत टेबलावर माझा कॉम्प्युटर. बाजूचा पत्रा मी मुद्दाम काढून ठेवला होता, आतलं काम लोकांना दिसावं म्हणून. आईला आधीच बजावलं होतं, यावर पाणी शिंपडायचं नाही. तिनं ते पाळलं. कॅबिनेटला हळदीकुंकवाची बोटं लावली, झेंडूचं फूल ठेवलं आणि बाकीच्या अवजारांवर टाकते तशा कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. त्यातल्या काही आत गेल्या.

मी बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा वेढा आणि थांबला.

“काऊन, चालून नाही राहिली का?” मोठेबाबांनी विचारलं.

माझं डोकं सणकलं. मी आईवर खेकसले, “तूनंच वाट लावली! ओले तांदूळ टाकले आत. हा काय इळा होय का, कुंकू लावला आन् झालं? काहीच समजत नाही का तुले?”

शेजारच्या बाया उभ्या होत्या, मोठेबाबा होते, बाबा होते. आईनं पूजेचं ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मला तेव्हा तिची दया आली नाही. खोली हातची चालली होती, एवढंच दिसत होतं.

बाबा म्हणाले, “चार वाजता लोडशेडिंग, लाईन जाते. तोवर पाहून घे.”

केसातली पिन काढून मी एकेक तांदूळ वेचला. चौदा निघाले. कोरड्या कापडानं पुसलं. बटण दाबलं, तेच. मग वाटलं बोर्डाखाली एखादा दाणा अडकला असेल. म्हणून बोर्डच बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. खाली एकही दाणा नव्हता. वायरी तशाच लांबवून लावल्या, बटणाच्या जागची दोन टोकं पेचकसानं एकमेकांना टेकवली आणि पंखा घुं करत फिरायला लागला. थांबलाच नाही.

मला आनंद झाला आणि लगेच एक गोष्ट खटकली. पुठ्ठ्यावर चालतो, पत्र्यावर चालत नाही. म्हणजे बोर्डाच्या खालचे सोल्डरिंगचे डाग पत्र्याला टेकून शॉर्ट होत होते. मग काडेपेटी आठवली. ते पितळेचे तुकडे जास्तीचे नव्हतेच. ते पत्र्यात बसवायचे, त्यांच्यावर बोर्ड अधांतरी ठेवायचा. इन्स्टिट्यूटमधल्या सगळ्या मशीनमध्ये बोर्ड आधीच बसवलेले. आम्ही सहा महिने नुसती रॅम काढली आणि घातली, बोर्ड बसवायची वेळ कोणावर आलीच नाही. आणि परीक्षेत पहिली आलेली मी, भोकं जुळत नाहीत म्हणून कानशीनं पत्रा घासत बसले होते.

बोर्डाला जेवढी भोकं होती तेवढे तुकडे बसवले, एकच उरला. बोर्ड वर आला, मागच्या जागा बरोबर जुळल्या. बटण दाबताच एक टिक् असा आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. अंगणात गलका झाला. मोठेबाबा स्वतः म्हणाले, “पाहा, तांदूळ निघाले आन् चालली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिले. खोली मिळाली होती. गप्प राहण्यात काहीच जात नव्हतं.

पण आईनं खाली ठेवलेलं पूजेचं ताट मी उचललं. मी स्वयंपाकघरात गेले. आई पुऱ्या लाटत होती. मी हळूच सांगितलं की तांदळानं काही झालं नव्हतं, चूक माझी होती.

तिनं वर पाहिलं नाही. “बोलली तवा साऱ्याईसमोर बोलली. आता मले एकटीले कायले सांगून राहिली?”

“साऱ्याईसमोर सांगितलं त मोठेबाबा म्हणतीन, हिले येतच नाही. खोली जाईन, आई.”

“मंग जाऊ दे,” ती म्हणाली आणि पुरी तेलात सोडली.

मला तिचा फार राग आला, आणि ती बरोबर आहे याचा त्याहून जास्त. बाहेर गेले. बाया अजून पडद्याकडे पाहत होत्या. मी मोठ्यानं सांगितलं, की आईच्या अक्षतांचा काही दोष नव्हता, मी बोर्डच चुकीचा बसवला होता. काडेपेटीतला उरलेला एक तुकडाही दाखवला.

मोठेबाबांनी तो बोटांत फिरवून पाहिला. “म्हणजे तुलेच येत नव्हतं?”

“सकाळी नव्हतं येत,” मी म्हटलं. “आता येते.”

बाबांनी आईकडे पाहिलं. ती कढईतला झारा हातात घेऊन दारात आली होती.

“देऊन टाका खोली,” ती म्हणाली. “पण मी काही तिच्या खोलीत पाय ठेवत नाही.”

बाबांनी त्याच संध्याकाळी खताच्या बॅगा काढल्या. आईनं शब्द पाळला. सकाळी चहा आणायची, पण उंबऱ्याबाहेर उभी राहून हात आत करायची. मी कप घेतला की निघून जायची. माफी दोनदा मागून झाली होती, तिसऱ्यांदा काय बोलावं ते सुचत नव्हतं.

आठवड्याचा बाजार होता त्या दिवशी दवनीवाड्याचे एक गुरुजी अर्ज टाइप करून घ्यायला आले. माझं पहिलंच गिऱ्हाईक. मी टाइप करत असताना ते मशीन न्याहाळत होते. आई चहा घेऊन दारात आली, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं, “हा कॉम्प्युटर कोणी बनवला?”

“माह्या पोरीनं,” आई म्हणाली. “पहिले बिघडवला, मंग बनवला. दोन्ही एकटीनंच.”

आणि चहा ठेवायला ती आत आली.