पहिल्या पायरीवरचा करगोटा

फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या लॉजात नवा आलेला तरुण दुसऱ्या पायरीची दीक्षा जवळ आली की माझ्याकडे येतो. "मास्तर, प्रश्नोत्तरं घोकून घ्या." मी घोकून घेतो. जन्मभर पोरांकडून इंग्रजी कविता घोकून घेतल्या, त्यात आणखी हे. त्याचं धडाधड म्हणून झालं की मी विचारतो, "घरी कोण आहे? त्यांना काय सांगून आलास?" तो गोंधळतो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं आणि मला रागच येतो. पायऱ्या तीनच आहेत, बाबा, पण त्या चढताना माणूस घर अंगावर घेऊनच येतो. माझा पाय तर पहिलीवरच अडकला होता.

आमच्या संस्थानाचे महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. मी इंग्रजी शाळेत नवाच मास्तर लागलो होतो. लॉज बावड्याच्या वाटेवर, झाडीतल्या एका बंद खिडक्यांच्या बंगल्यात भरायचं. गावात त्याला भुताचा बंगला म्हणत. आत कवटी ठेवलीय, नव्या माणसाला उलटा टांगतात, असं बरंच काही लोक सांगायचे. तिथं साहेब जायचे, संस्थानातले अंमलदार जायचे, पेठेतले व्यापारी जायचे आणि आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना चालवणारे हकीमसाहेबही जायचे. माझं नाव त्यांनीच सुचवलं.

वडील नव्हते, घरात आई आणि मी. माझ्याआधीची तिची मुलं जगली नव्हती. मी जगलो, म्हणून बारशालाच तिनं माझ्या कमरेला चांदीचा करगोटा घातला, आणि मी वाढलो तसा सोनाराकडून तोही वाढवून घेतला. पुरुषाचा करगोटा एकदाच निघतो, तिरडीवर, असं ती म्हणायची. लहानपणी मी पंचगंगेत पोहायला जाऊ लागलो तेव्हा तिनं मला आण घातली होती. "नदीला जा, न्हाईतर कुठंबी जा, पन कंबर घडीभरबी रिकामी ठेवायची न्हाय." ती आण मी पुढं विसरूनही गेलो. भुताच्या बंगल्यात निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जित्ता ये."

लॉजाच्या दाराशी उघडी तलवार घेऊन एक बंधू, म्हणजे लॉजाचा सभासद, उभा होता. त्यानं सांगितलं, आत जाताना अंगावर धातू ठेवायचा नाही. गरीब असो की श्रीमंत, नवा माणूस सारखाच आला पाहिजे. मी अंगठी काढली, कानातली भिकबाळी काढली, पितळी बटणांचा कोट काढला.

"आणखी काही?"

"नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. नाक, कान तसाच करगोटाही शरीराचाच भाग, अशी माझी समजूत होती. तो अंगावर घातलेला आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

मग डोळ्यांवर पट्टी आली, गळ्यात दोरी आली, आणि हाताला धरून मला आत नेलं. पुन्हा तोच प्रश्न झाला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. बाकीचं सांगत नाही. शपथ आहे. एवढं तर आता छापलेलंही सापडतं. शपथेसाठी मी गुडघा टेकला, पुढं वाकलो आणि बेंबीखाली करगोट्याचा आकडा कचकन टोचला.

समोरून भारदस्त आवाज म्हणाला, आपलं नाव घ्या आणि माझ्यामागून म्हणा. म्हटलं तर लॉजातली माझी पहिली शपथच खोट्यावर उभी राहणार. सांगितलं तर करगोटा उतरवावा लागणार, आणि आता ती नदीवरची आण कानात घणघणायला लागली. इकडे आड, तिकडे विहीर. आवाज थांबून राहिला होता. माझा घाम पट्टीत मुरत होता.

"थांबा," मी म्हणालो. घोकलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं होतं. "अंगावर धातू आहे."

मग निर्णय झाला. आतापर्यंतचं सगळं रद्द. बाहेर न्या, धातू उतरवा, पहिल्यापासून आणा. उतरवायचा नसेल तर गृहस्थांनी घरी जावं.

बाहेर हकीमसाहेबांनी माझी पट्टी सोडली. "मी घरी जातो," मी म्हणालो. "हा उतरणार नाही. आईची आण आहे."

ते हसले नाहीत. "आन नेमकी काय हाय, मास्तर? चांदी उतरायची न्हाय, का कंबर रिकामी ऱ्हायची न्हाय?"

मी तिचे शब्द आठवले. "कंबर."

त्यांनी सदऱ्यात हात घालून गळ्यातला काळा दोरा काढला. त्यात चांदीचा ताईत होता. ताईत काढून त्यांनी खिशात टाकला. "आमच्या अम्मांनी बांधला व्हता. आधी ह्यो बांधा, मग चांदी उतरवा." मी तेव्हा काडीपैलवान, गळ्यातला लांब दोरा माझ्या कमरेला गाठीपुरता पुरला. पुन्हा पट्टी, पुन्हा दोरी, पुन्हा तो प्रश्न. या खेपेला "नाही" ठणठणीत निघालं.

घरी आई दारातच सुपारी कातरत बसली होती. माझ्या कमरेवर हात फिरवायची तिची सवयच होती. चांदी मी परत चढवली होती, पण तिच्या बोटांना खालचा दोरा लागला.

"ह्यो कशाला?"

"सांगता येत नाही."

"कुनाचा?"

"हकीमसाहेबांचा."

तिचं तोंड बदललं. आमच्या घरात त्यांचं औषध चालायचं, पाणी चालायचं नाही. तिनं अडकित्त्याचं पातं दोऱ्याखाली सरकवलं. बंगल्यात भ्यालो नाही तेवढा मी त्या पात्याला भ्यालो. दोरा तुटला असता तर पुढच्या पायऱ्या राहिल्याच असत्या, आणि त्या माणसाला मी तोंड कसं दाखवणार होतो? दोऱ्याला एके ठिकाणी दबल्याची खूण होती. तिथं तिचं बोट थांबलं.

"हितं काय व्हतं?"

"ताईत. त्यांच्या आईनं घातलेला."

मग तिनं अडकित्ता बाजूला काढला.

"आनि त्यो रिकाम्या गळ्यानं घरी गेला व्हय रं?"

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सकाळी उठलो तर उंबऱ्यावर काळ्या रेशमाचा, हातानं वळलेला गोफ ठेवला होता. "आदी ह्यो त्येच्या गळ्यात पडू दे," आई म्हणाली, "मग शाळंत जा."

पुढं दुसऱ्या पायरीचा दिवस आला. मी अंगठी आणि भिकबाळी काढून कोनाड्यात ठेवली. ते बघून आई जवळ आली, माझ्या करगोट्याचा आकडा तिनं स्वतःच्या हातानं सोडला आणि चांदी पदरात घेतली. लॉजातलं एक अक्षर मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"जा की," ती म्हणाली. "दोरा हाय."