काकींची खिडकी

मी शिकलो, आज नोकरी करतो, ते पेणजवळच्या हमरापूरच्या आमच्या शेजारच्या काकींमुळे. दहावीनंतर वडील मला रोह्याला कंपनीत चिकटवणार होते. काकी ब्रश धुता धुता म्हणाल्या, "भावजी, पोराला कालेजात घाला. कंपनी कुठं पळून जात नाय." वडिलांनी ऐकलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

काकी गणपतीचे डोळे आखायच्या. पेणची मूर्ती तुमच्याही घरी आली असेल, तर ती नजर तुम्हाला ठाऊक आहे. सगळी मूर्ती रंगली की शेवटी डोळे. तेव्हा कुणी बोललं की काकी दटावत, "गप रं, देव जागा होतोय."

एका हंगामात त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आले. रंग उडाला असेल म्हणून त्या पाण्याचे हबके मारत राहिल्या. मूर्तींच्या कारखान्यात फवाऱ्याचा रंग सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. गणपती झाले, तोवर तो डोळा गेला होता. साखरेच्या आजारानं खाल्ला होता. दुसराही धोक्यात आहे असं कळल्यावर मी त्यांना दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात न्यायला निघालो.

काकी रोह्यापुढे कधी गेल्या नव्हत्या. गाडीत बसल्यापासून खिडकी सोडेनात. भात पिवळं पडायला लागलं होतं. "हा पिवळा बघ. आपण मिसळून मिसळून मरतो, असा येत नाय." मी डबा उघडला, तर म्हणाल्या, "भाकरी घरी पण हाय. हे घरी नाय." बोगदा आला की चिडायच्या, "मेला परत आला." समोरचे प्रवासीही हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरळात गाडी पाण्याच्या कडेनं चालली होती. नारळी, होड्या, लख्ख ऊन. काकी बाहेर तोंड करून बसल्या होत्या.

"लय लांब बोगदा हाय रं."

मी म्हणालो, "व्हय काकी. लांब हाय."

थोड्या वेळानं त्यांनी गजावरचा हात उलटा केला. "खोटं नको बोलू. ऊन लागतंय."

मग म्हणाल्या, "सांग, काय दिसतंय."

"पाणी हाय. एक होडी."

"रंग?"

"निळा."

"कसला निळा?"

"निळाच, काकी."

डॉक्टरांनी प्रयत्न केले. उपयोग झाला नाही. परतीच्या गाडीत काकी खिडकीजवळ बसल्याच नाहीत. "तू बस तिथं." मी बाहेरचं सांगायला लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नको."

घरी आल्यावर त्या कारखान्यात पुन्हा गेल्या नाहीत. मूर्तींचे डोळे त्यांची सून, म्हणजे आमची वहिनी, आखू लागली. पुढं मी नोकरीसाठी नागपूरला निघालो. मी गावाबाहेर असलो की फोनवर काकी "बरं" एवढंच म्हणत, म्हणून गाडीतूनच त्यांना पत्र लिहिलं, वहिनी वाचून दाखवील या भरवशावर. उत्तर आलं नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात काकी गेल्या. पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं का, हे मी वहिनीला अजून विचारलेलं नाही. पत्र एवढंच होतं:

"काकी, गाडी पुलावर थांबली आहे. नदीत पाणी थोडं, मातकट. एक बाई गोधडी धुते आहे. गोधडी लाल होती, आता विटून शेंदरी झाली आहे. शिवणीत तेवढा जुना लाल राहिला आहे. पलीकडे म्हैस बसली आहे, तिच्या पाठीवर चिखल वाळून राखाडी झालाय. तू नको म्हणाली होतीस, तरी लिहिलं. पुढचं लिहू का, तेवढं वहिनीकडून कळव."