गोलाईचा फेरा

मुलांना क्लासला घालायला लातुरात आलेले आईबाप आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या रिक्षात बसले, की तो त्यांना सरळ क्लासवर न्यायचा नाही. आधी गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला एक पूर्ण फेरा घालायचा. कुणी घड्याळ दाखवलं तर म्हणायचा, "पोराला दोन वर्सं ऱ्हायचं हाय न्हवं? पहिले शहराला सलाम, मंग क्लास." मग सराफा, बांगड्या, मिरच्या, एकेक रस्ता बोटानं दाखवायचा. रिक्षा थांबली की आधी खिशातला कंगवा काढून केस विंचरायचा.

त्र्याण्णवच्या भूकंपाला तीनेक वर्षं झाली असतील. पुण्याहून माझे एक पाहुणे आले, गळ्यात कॅमेरा. त्याच्या रिक्षात बसताच म्हणाले, "भूकंपात पडलेलं एखादं गाव दाखवा. इथं पाहण्यासारखं दुसरं काय आहे?"

त्यानं रिक्षा बंद केली. कंगवा काढला नाही.

"साब, तिथं माणसं मेली. ती काय बघायची चीज हाय?"

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे. त्याचं तिकडं कोण गेलं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मग दुसरी रिक्षा करतो."

"करा की. ह्या रिक्षातून गोलाईच दिसंल."

भर उन्हात दुसरी रिक्षा दिसेना, म्हणून पाहुणे बसून राहिले. फेरा पूर्ण करून त्यानं ऐन गर्दीत रिक्षा उभी केली. मागं हॉर्न वाजायला लागले. त्यानं सावकाश केस विंचरले आणि रिक्षाला टेकून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

"हं, काढा आता फोटो. हे बी भूकंपातलंच गाव हाय. उभं हाय."