शोकेसमधली चरखी

आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना मासा फक्त ताटात ओळखू यायचा, तोही कुणी काटे काढून दिले तर. सभासद म्हणजे त्यांचे दोघे भाऊ, एक मेव्हणा आणि जळकोटला राहणारे व्याही. बहात्तरच्या दुष्काळात ज्या बायकांनी उन्हात खडी फोडून हा तलाव उभा केला, त्यांना आता तिथं धुणं धुवायलाही मनाई होती. मासे बिचकतात म्हणे.

मी लोहाऱ्याजवळच्या त्या गावात नर्स होते. रविवारी दुपारनंतर सोसायटीचा पास घेऊन सांडव्यावर गळ टाकून बसायचे. हा नाद वडिलांचा. ते सिकंदराबादला रेल्वेत होते, तेव्हा नोकरी सोडून विलायतेला निघालेल्या एका इंजिन ड्रायव्हरनं त्यांना गळाची दोरी गुंडाळायची आपली पितळी चरखी दिली. ती पुढं माझ्याकडं आली आणि मला जुन्या चरख्यांचं वेडच लागलं. सोलापूर, हैदराबादच्या जुन्या बाजारात कुलपं, कंदील, मोडक्या इस्त्र्यांच्या ढिगात त्या सापडायच्या. दुकानदार शिलाई मशीनचा भाग म्हणून विकायचे, मीही त्यांची समजूत मोडत नसे. घरी आणून रॉकेलमध्ये भिजवायची, गंज काढायचा, तेल द्यायचं आणि तलावावर न्यायची. ट्रंकेत कुलूपबंद ठेवण्यासाठी मी एकही चरखी घेतली नाही.

वडिलांच्या चरखीला ब्रेक नव्हता. मासा ओढ घेऊन पळाला की मूठ उलटी गरगरा फिरायची. अंगठ्यानं फिरकी दाबत, सोडत, पुन्हा दाबत मासा दमवावा लागे. बांधावर बसून विड्या फुंकणाऱ्या पुरुषांना मात्र वेगळीच काळजी असे. "नर्सबाई, घरी सैपाक कोण करतंय?" एकानं विचारलं. "ज्याला भूक लागली त्यो," मी सांगितलं.

एका रविवारी चेअरमन पाटबंधाऱ्याच्या एका साहेबांना घेऊन आले. साहेबांकडं परदेशी, चकचकीत नवी चरखी होती. पहिल्याच फेकीत तिच्यातल्या तंगुसाच्या दोरीचा असा गुंता झाला की सुगरणीच्या खोप्यानं लाजावं. साहेब सावलीत बसले आणि माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "ही अँटिक आहे. दिवाणखान्यात काय शोभेल!"

चेअरमनच्या डोळ्यांत तेव्हापासून ती चरखी भरली. जाताना म्हणाले, "नर्सबाई, द्या की ती आमाला. तुमच्याकडं लई हायती."

"ही वापरातली आहे," मी म्हटलं.

"वापरून वापरून झिजंल न्हाय का?"

वापरून झिजण्याची भीती त्यांना वाटणारच. सोसायटीची होडी त्यांनी कडबा झाकायला वापरली होती.

पंधरवड्यानं तलावावर जायला निघताना मी ट्रंक उघडली तर वडिलांची चरखी गायब. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांना उस्मानाबादला बदली हवी होती. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "चेअरमनना दिली. बदलीचं बोलणं चाललंय. एक जुनं लोखंड गेलं तर काय बिघडलं?"

"पितळ आहे ते," मी म्हटलं. "देताना तेवढंही बघितलं नाहीत."

ते वरमतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेअरमनच्या घरी गेले. बैठकीत चारदोन मंडळी चहा पीत होती. काचेच्या शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुलं, बंद पडलेलं घड्याळ आणि मधोमध माझी चरखी. सागवानी फळीवर खिळ्यांनी ठोकलेली. चिंच लावून अशी घासलेली की देवघरातली घंटा वाटावी. तेलाचा थेंब राहिलेला नव्हता.

"माझी वस्तू घ्यायला आले," मी म्हटलं.

"भेट दिलेली वस्तू परत मागत्यात का, बाई?"

"ज्यांनी दिली त्यांची ती नव्हती."

ते मंडळींकडं बघून हसले. मंडळी हसली नाहीत. त्यातल्या निम्म्यांची लेकरं माझ्या हातून जन्मली होती. सगळे एकदम आपापल्या बशीत बघायला लागले. मी शोकेस उघडून फळी बाहेर काढली आणि बॅगेतल्या चिमट्यानं खिळा ओढू लागले. तो हलेना.

तेवढ्यात चेअरमनच्या पत्नी आतून पक्कड घेऊन आल्या. "घ्या," म्हणाल्या. "जो येतोय त्याला त्येच दाखवत्यात. चिंच घासून माझं हात गेलं."

चेअरमन ताडकन उठले, आणि मग आपल्याबरोबर दुसरं कुणीच उठत नाही हे बघून, जणू पाय मोकळे करायलाच उठले होते अशा थाटात दारापर्यंत जाऊन आले. मी खिळे काढून फळी टेबलावर ठेवली आणि चरखी बॅगेत टाकून बाहेर पडले.

खिळ्यांनी तिचा पाया चिरला होता. तुळजापूरच्या एका फिटरनं तो जोडून दिला. जोड ओबडधोबड होता, पण पक्का.

बदली झाली, पण ईटला. उस्मानाबादपेक्षाही लांब, भूम तालुक्यात. हे म्हणायचे, चेअरमननं सूड घेतला. मला तसं वाटत नाही. सूड घ्यायलाही वजन लागतं, आणि त्या माणसाचं वजन गावच्या वेशीपर्यंतच चालायचं.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला. चिखलात मासे तडफडू लागले तेव्हा चेअरमन छत्री धरून बांधावर उभे राहिले आणि बगळ्यांवर ओरडत बसले. एकही मासा न उरलेल्या त्या तलावाच्या सोसायटीवर ते पुन्हा बिनविरोध निवडून आले. गुलाल उधळला गेला.

मी एसटीनं पलीकडच्या तलावावर जायला लागले. तिथं अजून थोडं पाणी होतं. पहिल्याच खेपेला एक चांगली मरळ लागली. घरी आले तर हे सुट्टीला आलेले. मरळीकडं बघून म्हणाले, "एवढा उपद्व्याप करून काय मिळतं तुला?"

मी कांदे त्यांच्यापुढं ठेवले आणि विळी सरकवली.